ट्रेलरवरची शिडाची बोट निवडताना आधी मिनिटं मोजा

माझ्या पहिल्या बोटीत चार माणसं झोपू शकत होती. २२ फुटांची, छोट्या केबिनची, खाली-वर होणाऱ्या लोखंडी कीलची, म्हणजे बुडाखाली पाण्यात उभ्या राहणाऱ्या जड पात्याची. घेतली तेव्हा मुलगी ९ वर्षांची होती आणि रात्री नांगर टाकून तिघांनी बोटीतच राहायचं असं आमचं ठरलं होतं. पहिल्या वर्षात ती ५ वेळा पाण्यात गेली. रात्र एकही घडली नाही. आत्ताची बोट १६ फुटांची आहे, उघडी, केबिन नसलेली. गेल्या वर्षी ती ३१ वेळा पाण्यात गेली.

हे आकडे माझ्या वहीतले आहेत. दर खेपेला मी तीन वेळा लिहून ठेवते: ताडपत्रीची पहिली गाठ सोडली ती वेळ, शीड वर गेलं ती वेळ आणि परतताना बोट पाण्याबाहेर येऊन ट्रेलरवर पक्की बांधून झाली ती वेळ. मोठ्या बोटीला गाठ सोडल्यापासून शीड वर जाईपर्यंत सरासरी २ तास १० मिनिटं लागायची, आवरायला दीड तास. आत्ताच्या बोटीला ३५ मिनिटं लागतात आणि आवरायला साधारण तेवढीच. म्हणजे शनिवारी दुपारी वारा चांगला दिसला तर मी निघू शकते. पहिल्या बोटीच्या वेळी अशा दुपारी मी फक्त वाऱ्याकडे बघत बसायचे.

म्हणून ट्रेलरवरची बोट घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी सांगते, लांबी नंतर मोजा, आधी ही मिनिटं मोजा. धक्क्याला कायमची बांधलेली बोट असेल तर तुम्ही चढता, शिडाचं कव्हर काढता आणि निघता. ट्रेलरवरची बोट दर वेळी नव्याने उभी करावी लागते आणि दर वेळी उतरवून बांधावी लागते. ती उभी करायचा कंटाळा एकदा आला, की बोट अंगणातच राहते.

तुमच्याबरोबर नेहमी कोण असतं?

बोटी बघायला जाण्याआधी एका कागदावर खरं खरं लिहा, की एरवीच्या दिवशी, म्हणजे भाऊ, मित्र, पाहुणे असं कुणी आलेलं नसताना, डोलकाठी उचलायला किती हात असतील. माझं उत्तर होतं: मी, उंची ५ फूट २ इंच, वजन ५४ किलो, आणि मुलगी. नवऱ्याला शनिवारी काम असतं. पहिली बोट घेताना मी आम्हा तिघांचा हिशेब केला होता आणि तिथेच चुकले. बोट निवडायची ती नेहमीच्या माणसांना पेलणारी. जास्तीचे हात मिळाले तर आनंदच आहे, पण त्यांच्या भरवशावर बोट घेऊ नका.

दुसरं लिहायचं ते पाण्याबद्दल. जिथे बोट उतरवणार तो उतार किती तीव्र आहे, ओहोटीला तिथे किती पाणी उरतं, तळ वाळूचा, चिखलाचा की दगडांचा. एकदा नुसतं जाऊन गुडघाभर पाण्यात उभे राहून या. तासाभराचं काम आहे, पण कुठल्या प्रकारची कील तुम्हाला चालेल हे त्यातून निम्मं ठरतं.

माहितीपत्रकातलं वजन आणि काट्यावरचं वजन

माहितीपत्रकात लिहिलेलं वजन बहुतेक वेळा रिकाम्या बोटीचं असतं. माझ्या २२ फुटीचं वजन कागदावर ९५० किलो होतं. तिसऱ्या खेपेनंतर मी ती ट्रेलरसकट वजनकाट्यावर नेली तर आकडा आला १,४८०. मधले ५३० किलो कुठून आले? ट्रेलर, इंजिन, पेट्रोलची टाकी, बॅटरी, दोन नांगर आणि एक साखळी, शिडं, पिण्याच्या पाण्याचे डबे, लाइफ जॅकेटं, शिवाय केबिनच्या बाकांखाली साठत गेलेलं सामान. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे माहीत असूनही वीस लिटरचे दोन डबे मी कधी हिशेबात धरले नव्हते.

आमची गाडी १,५०० किलो ओढू शकते असं तिच्या पुस्तकात लिहिलेलं होतं. कागदावर सगळं बसत होतं आणि सरळ रस्त्यावर गाडी बोट ओढतही होती. खरी परीक्षा उतारावर झाली. ओहोटी लागलेली, उताराच्या खालच्या भागावर शेवाळ. आमच्या गाडीची पुढची चाकं ओढतात, आणि ट्रेलरचा दांडा मागच्या बाजूवर दाबला गेला की पुढची चाकं हलकी होतात. ती जागच्या जागी फिरायला लागली आणि गाडी किंचित मागे सरकली. नवऱ्याने ट्रेलरच्या चाकामागे लाकडी पाचर सारली, दोन अनोळखी माणसांनी येऊन बॉनेटवर भार दिला, तेव्हा आम्ही वर आलो. त्या दिवसापासून माझ्या गाडीत दोन पाचरी कायम असतात, आणि गाडीच्या ओढण्याच्या क्षमतेच्या दोन तृतीयांशापलीकडे मी बोट-ट्रेलरचं एकूण वजन जाऊ देत नाही. तो पुस्तकातला नियम नाही, माझा आहे. पण ओला उतार ज्याने पाहिलाय त्याला तो जास्तीचा वाटणार नाही.

ट्रेलर गाडीच्या ज्या हूकला अडकतो, त्याच्यावर पडणाऱ्या भाराकडेही बघा. तो फार कमी असेल तर वेगात ट्रेलर शेपटासारखा डावी-उजवीकडे झुलायला लागतो आणि तो झोल आवरणं फार कठीण असतं. फार जास्त असेल तर गाडीची मागची बाजू बसते. एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भार असला तर ट्रेलर बहुधा सरळ चालतो, मात्र तुमच्या गाडीच्या पुस्तकातली मर्यादा ओलांडायची नाही. इंजिन मागे टांगलेलं असेल किंवा सामान बोटीच्या मागच्या भागात भरलं असेल तर हे गणित बिघडतं. नांगर आणि साखळी पुढे सरकवून मी ते जुळवते.

हलक्या बोटींचं सुख वेगळंच. ऑप्टिमिस्टचं बूड ३५ किलोचं, मिररचं ४५ च्या आसपास, लेझरचं ६० पेक्षाही थोडं कमी. एवढ्या बोटीला गाडीने पाण्यात शिरावंच लागत नाही. हातगाडीसारखी छोटी ट्रॉली असते, तिच्यावरून एकटं माणूस बोट पाण्यात नेतं. वेफेररसारख्या १६ फुटी बोटीचं बूड १७० किलोच्या घरात जातं. ती उचलता येत नाही, पण ट्रॉलीवर दोघांना सहज वळवता येते. त्यापुढे मात्र गाडी आणि विंच, म्हणजे पट्टा गुंडाळत बोट ट्रेलरवर ओढणारं चक्र, हवीच. ही सीमारेषा नीट लक्षात ठेवा, कारण ती ओलांडली की मिनिटं एकदम वाढतात.

पाण्याखाली काय आहे

शिडाच्या बोटीला वारा आडवा ढकलतो. तो ढकल अडवायला पाण्याखाली काहीतरी उभं लागतं, आणि नेमकं तेच ट्रेलरवर चढवताना आड येतं. लहान बोटींची सगळी रचना या एका अडचणीभोवती फिरते.

सरळ वर-खाली सरकणारी फळी म्हणजे डॅगरबोर्ड सगळ्यात साधी, हलकी, आणि पूर्ण बाहेर काढता येते. पण वेगात असताना खडकावर आपटली तर ती मागे वळत नाही, सगळा धक्का तिच्या खोबणीला बसतो. दगडी तळ असेल तर मी ती घेणार नाही. खिळीभोवती फिरणारं सेंटरबोर्ड तळाला लागलं की आपोआप वर उचललं जातं आणि तुम्हाला कळतं की पाणी संपत आलंय. माझ्या बोटीला तेच आहे. त्याचा त्रास एकच, काठावर बोट टेकवली की खोबणीत खडे शिरतात आणि फळी अडकते. बोट कलती करून मागून पातळ पट्टीने खडा ढकलायचा, ही युक्ती मुलगी माझ्याआधी शिकली.

जड लोखंडी कील फिरून पोटात जाते ती स्विंग कील. कॅटलिना २२ ही १९६९ मध्ये आलेली बोट त्याचं ठळक उदाहरण: कील खाली सोडली की दीड मीटर पाणी लागतं, वर घेतली की ६० सेंटीमीटर. म्हणून ती ट्रेलरवर जाते आणि वाऱ्यावरही, म्हणजे वारा येतो त्या बाजूला तिरकी, बऱ्यापैकी चढते. पण शेकडो किलोंची ती कील एका तारेवर आणि एका खिळीवर लटकलेली असते. खिळीचं भोक झिजलं की नांगरावर असताना कील डावी-उजवीकडे ठोके देते. माझ्या बोटीत तो आवाज रात्रीसाठी राखून ठेवलेल्या गादीखालूनच यायचा. तार गंजली आणि तुटली तर काय होईल हे सांगायला नको. अशी बोट बघायला गेलात तर मालकाला कील तुमच्यासमोर पूर्ण खाली-वर करायला लावा आणि तारेचं शेवटचं टोक हाताने तपासा.

न हलणारी उथळ कील मला मनापासून आवडते, कारण बिघडायला तिच्यात काही नाही. कॉमपॅक १६ अशीच आहे, दीड फूट पाण्यात तरंगते. तिचा आराखडा क्लार्क मिल्स यांचा, ज्यांनी १९४७ मध्ये मुलांसाठी ऑप्टिमिस्ट काढली. पण अशी बोट ट्रेलरवर उंच बसते, त्यामुळे ती तरंगायला ट्रेलर बराच खोल न्यावा लागतो. उतार सपाट असेल तर गाडीचीच मागची चाकं पाण्यात जातात, किंवा दांडा लांबवावा लागतो. आणि वाऱ्यावर चढताना ती खोल फळीच्या बोटीपेक्षा जास्त आडवी घसरते.

पाण्याची टाकी हेच वजन, ही युक्ती मॅकग्रेगर २६ मुळे पुष्कळांना माहीत आहे. ओढताना टाकी रिकामी, पाण्यात उतरल्यावर भरायची, बाहेर येताना सोडून द्यायची. लहान गाडी असलेल्यांना हे फार सोयीचं. मात्र शिसं पाण्याच्या ११ पट जड असतं, तेव्हा तेवढंच वजन पाण्याने द्यायचं तर जागा पुष्कळ लागते आणि ते शिशाइतकं खाली बसवता येत नाही. टाकी पूर्ण भरल्याशिवाय शीड चढवायचंच नाही. अर्धी टाकी रिकाम्या टाकीइतकीच वाईट, कारण बोट कलली की पाणीही त्याच बाजूला धावतं. अशी बोट घेतलीत तर टाकीची झडप बंद केल्याची खात्री कोण करणार हे आधीच ठरवा, एकाच माणसाकडे ते काम असू द्या.

डोलकाठी

इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझे दोन तास इथेच जायचे.

पहिल्या बोटीची डोलकाठी साडेसात मीटर लांब आणि २० किलोची. २० किलो ऐकायला काहीच नाही. पण काठीचा बुंधा खिळीत अडकवून तुम्ही ती आडवी असताना उचलायला घेता तेव्हा हात बुंध्यापासून फार तर दोन मीटरवर असतात आणि काठीचा भार मध्यावर, पावणेचार मीटरवर असतो. म्हणजे हाताला साडेसदतीस किलो लागतात. तेसुद्धा डुगडुगणाऱ्या केबिनच्या छपरावर उभं राहून, डोक्याच्या वर, आणि बाजूने वारा असेल तर तो काठीला आडवं ढकलतोय. ५४ किलोच्या बाईला हे जमत नाही. मी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा काठी डावीकडे झुकली आणि खिळीची पट्टी वाकली.

यावर उपाय आहे आणि तो चांगला आहे. काठीच्या बुंध्याशी पुढच्या बाजूला काटकोनात एक आखूड दांडा बसवतात, जिन पोल म्हणतात त्याला. काठीवरून येणारी दोरी त्या दांड्याच्या टोकाला बांधायची आणि तिथून पुलीची दोरी नाळेपर्यंत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत, न्यायची. मग खाली उभं राहून एका हाताने ओढत काठी उभी करता येते आणि मध्येच थांबताही येतं. पण एक गोष्ट बघा: काठीला उभं धरून ठेवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या तारा जिथे बोटीला अडकवलेल्या आहेत ती जागा काठीच्या खिळीच्या रेषेत नसेल, तर काठी वर जाताना तारा कधी सैल, कधी ताठ होतात. सैल असताना काठीला बाजूने धरणारं कुणी नसतं. माझी काठी झुकली ती त्यामुळेच. त्यासाठी वेगळ्या तात्पुरत्या दोऱ्या लावाव्या लागतात, म्हणजे आणखी १५ मिनिटं.

काही बोटींनी हा प्रश्न मुळातच सोडवलाय. लेझरच्या डोलकाठीला तारा नाहीतच, दोन तुकडे एकमेकांत बसवायचे, शिडाची बाही वरून मोज्यासारखी चढवायची आणि काठी भोकात उभी करायची. १९६० च्या दशकात आलेल्या मिरर बोटीला गंटर पद्धतीचं शीड आहे: आखूड डोलकाठी आणि तिच्या पुढे सरकत वर जाणारी दुसरी काठी, त्यामुळे सगळ्या काठ्या बोटीच्या लांबीत मावतात. ड्रॅसकोम लगरचंही तसंच, शिवाय तिच्या मोठ्या शिडाला खाली बूमच नाही. लहान मुलं बोटीत असतील तर डोक्यावरून जोरात फिरणारा दांडा नसणं केवढी निश्चिंती देतं, हे मुलगी ९ वर्षांची असताना मला कळलं.

आणि कुठलीही काठी उभी करण्याआधी मान वर करून बघा. विजेच्या तारा कुठे आहेत? ॲल्युमिनियमची काठी तारेला लागून माणसं गेली आहेत. काठी उभी करून ट्रेलर ढकलत नेतानाही बघा, कारण बोट बांधायची जागा आणि उतार यांच्या मध्ये तार असू शकते. मुलीला मी पहिलं काम हेच दिलं होतं: वर बघून मोठ्याने "तार नाही" म्हणायचं. अजूनही म्हणते.

उलटली तर

कीलवाली जड बोट बहुधा कलते आणि परत उभी राहते. उघड्या हलक्या बोटीत वजन तुमचं असतं, तुम्ही चुकीच्या बाजूला राहिलात तर ती उलटते. यात कमीपणा काही नाही, फक्त ती परत सरळ करून तुम्ही आत चढू शकता का, हे घेण्याआधी कळलं पाहिजे.

मी आत्ताची बोट घेण्याआधी मालकाची परवानगी घेऊन ती छातीभर पाण्यात मुद्दाम उलटवली. चार गोष्टी बघायच्या होत्या. उलटल्यावर ती किती उंच तरंगते: फार उंच तरंगली तर सेंटरबोर्डवर चढताच येत नाही आणि वारा तिला तुमच्यापासून दूर नेतो. काठी पाण्यावर राहते की खाली जाऊन बोट पूर्ण पालथी होते. सरळ केल्यावर आत किती पाणी राहतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाण्याने भरलेल्या बोटीत सेंटरबोर्डच्या खोबणीचं वरचं तोंड पाण्याच्या वर राहतं की खाली. खाली गेलं तर तुम्ही बादलीने जेवढं पाणी काढाल तेवढंच खोबणीतून आत येईल. माझ्या बोटीत ते चार बोटं वर राहिलं. चढताना हात पुरेनात, म्हणून मागच्या बाजूला दोरीचा एक फास पाय ठेवायला बांधला. मुलगी त्याशिवाय चढते.

फ्रँक डाय १९६३ मध्ये वेफेररमधून, म्हणजे ४.८२ मीटरच्या उघड्या बोटीतून, स्कॉटलंडहून आइसलंडला गेले आणि पुढच्या वर्षी नॉर्वेला. नॉर्वेच्या वाटेवर वादळात त्यांची डोलकाठी मोडली, तरी पोचले. बोट लहान म्हणजे कच्ची, असं कुणी म्हणालं की मी हे सांगते. पण त्या बोटीचा प्रत्येक दोर आणि प्रत्येक खिळी त्यांना पाठ होती. हे उदाहरण दाखवून पहिल्याच वर्षी मोकळ्या समुद्रात जाणाऱ्याला मी हाताला धरून थांबवेन.

केबिन हवी का?

हवी असेल तर घ्या, पण त्या केबिनमध्ये आडवं पडून बघा. विकत घेण्याआधी, दार बंद करून, तुमच्या उंचीच्या माणसाबरोबर, अर्धा तास. मी पडले नव्हते. १८-२० फुटी बोटीत केबिनची जागा बाहेर बसायच्या जागेतून कापलेली असते, म्हणजे दिवसभर चौघं अडचणीत बसतात ती न झोपलेल्या रात्रीसाठी. उघड्या बोटीत बूमवरून ताडपत्री टाकून दोघांना झोपता येतं आणि मुलगी आणि मी तशा चार रात्री काढल्या आहेत.

मोठी बोट वेगात जाते, हा समजही इथे फारसा उपयोगी नाही. पाणी कापत चालणाऱ्या बोटीचा जास्तीत जास्त वेग पाण्यावरच्या लांबीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये, म्हणजे तासाला किती सागरी मैल त्यात. १६ फुटांना ५.४ नॉट, २० फुटांना ६. चार फुटांनी मिळाला जेमतेम ०.६ नॉट. उलट हलकी बोट चांगल्या वाऱ्यात पाण्यावर चढून घसरायला लागते आणि हे गणितच मागे टाकते.

इंजिनाबद्दल थोडक्यात. २ ते ४ अश्वशक्ती बहुतेक लहान बोटींना पुरते. मागच्या फळीची उंची मोजून मग आखूड दांड्याचं की लांब दांड्याचं ते ठरवा, कारण आखूड इंजिन उंच फळीवर लावलं तर लाटेवर पंखा हवेत फिरतो. आणि वल्ही ठेवा. माझी बोट वल्ह्यांनी चालते, म्हणून १७ किलोचं इंजिन मी बहुतेक वेळा घरीच ठेवते.

जुनी बोट बघायला जाताना

एक नाणं, एक सुती फडकं, टॉर्च, मोजपट्टी आणि घड्याळ एवढं बरोबर घ्या.

नाणं डेकवर हलकेच ठोकत चला. चांगल्या फायबरचा आवाज टणक आणि कोरडा येतो. आतलं लाकूड कुजलं असेल तिथे तो एकदम बोदा होतो, भोपळ्यावर टिचकी मारल्यासारखा. डोलकाठीच्या बुंध्याभोवती, तारा अडकवलेल्या पट्ट्यांभोवती आणि इंजिन लावायच्या मागच्या फळीवर जास्त वेळ घालवा, कारण बोल्टच्या भोकांमधून पाणी तिथेच आत मुरतं. मग त्याच जागी टाचेने जोर द्या. डेक किंचितही दबलं तर मी किमतीचं बोलणं तिथेच थांबवते. वरच्या रंगावरच्या केसासारख्या बारीक रेघा एवढ्याने घाबरू नका. पट्ट्यांपासून चांदणीसारख्या पसरलेल्या रेघा मात्र गंभीर.

फडकं डोलकाठीच्या तारांवरून वरून खाली फिरवा. हाताचं बोट कधीही फिरवू नका. पिळातला एक बारीक धागा तुटलेला असेल तर फडकं अडकतं, हात असता तर कापला असता. एक धागा तुटला म्हणजे ती तार बदलायची, आणि एक बदलायची तर सगळ्या त्याच वयाच्या आहेत हे लक्षात घ्या. शीड उन्हात धरून मागून बघा. शिवणीचा दोरा नखाने ओढल्यावर तुटला तर उन्हाने तो खाल्लाय. शीड आखडायच्या, म्हणजे जोराच्या वाऱ्यात ते लहान करायच्या, किती ओळी आहेत हेही बघा, लहान बोटीला निदान एक हवीच.

आता ट्रेलर. बोट बघून भारावलेली माणसं ट्रेलरकडे ढुंकूनही बघत नाहीत, मीही बघितलं नव्हतं. पण रस्त्यात अडकवतो तो ट्रेलर, बोट नव्हे. प्रत्येक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. खरखर जाणवली तर बेअरिंग गेलंय. वर-खाली धरून हलवा, ढिलं असेल तर तेही. गरम झालेलं बेअरिंग लगेच थंड पाण्यात बुडवलं की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. म्हणून उतारावर पोचलं की मी आधी चाकाच्या मधल्या टोपीला हाताची मागची बाजू लावते. कोमट असेल तर काठी उभी करेपर्यंत थांबते, तेवढ्यात ती निवते. खाऱ्या पाण्यानंतर गोड्या पाण्याने धुणं आणि ग्रीस बदलणं यात आळस नको. पट्टा, विंचचे दात, दिव्यांच्या वायरी, चौकटीच्या आतून गंज: टॉर्च त्यासाठी.

शेवटचं घड्याळ. मालकाला नम्रपणे सांगा की काठी मला उभी करायचीय, तुम्ही फक्त बाजूला उभे राहा. माझ्या १६ फुटीचे मालक वयस्कर होते, गुडघ्यांमुळे बोट विकत होते. मी विचारल्यावर त्यांनी खुर्ची आणून अंगणात ठेवली आणि बसले. मी वर बघितलं, तार नव्हती. काठी ११ किलोची. बुंधा खोबणीत टेकवला, पायाने दाबून धरला, हातावर हात घेत काठी वर नेली, पुढची तार अडकवली, खिळीत पिन घातली. एकदा बाजूची तार सुकाणूत गुंतली, तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले. शीड वर गेलं तेव्हा घड्याळात ४१ मिनिटं झाली होती, पहिल्याच खेपेला, सगळं अनोळखी असताना. ते म्हणाले, "मला पंचवीस लागायची, पण तुझ्या वयात." मग मी ट्रेलरच्या टायरवरचा चार आकडी शिक्का बघायला वाकले. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. दोन्ही टायर १४ वर्षांचे निघाले, बाजूंना भेगा. ते आम्ही बदलून घेतले आणि बोट त्याच संध्याकाळी घरी आणली.